गावात सेवेला निघताय? सपोर्ट उभा करायचा क्रम, पुण्यातल्या कुटुंबांसाठी

पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, कुटुंबं दूरच्या गावात सुवार्तेच्या सेवेला निघतात, कोणी सातपुड्यात नंदुरबारच्या धडगाव-मोलगीकडे, कोणी मेळघाटात, कोणी भामरागडला, आणि त्यातली काही पाचारण (देवाचं बोलावणं) अगदी खरं असूनही परत येतात कारण सपोर्ट, म्हणजे लोकांनी दर महिन्याला द्यायचे पैसे, येणं थांबतं. मी आमच्या मंडळीच्या मिशन कमिटीचा हिशोब बघते त्यामुळे ही कुटुंबंही समोर बसतात आणि त्यांचे कागदही. चूक बहुतेक वेळा श्रद्धेची नसते, क्रमाची असते. आधी रविवारी पुलपिटवर, म्हणजे चर्चच्या व्यासपीठावर, साक्ष (स्वतःचा विश्वासाचा अनुभव), मग स्लाइड शो, शेवटच्या स्लाइडवर नवऱ्याच्या मोबाइल नंबरचा क्यूआर कोड. त्या दिवशी अर्पण छान जमतं, लोक डोळे पुसत घरी जातात, आणि तिसऱ्या महिन्यात खात्यात काहीच नसतं. मग धावपळ सुरू होते, बजेट काय, ट्रस्ट कुठला, सीए कोण.

हे सगळं उलट्या क्रमाने करायचंय. खाली टप्पे दिलेत, एक संपल्याशिवाय दुसरा सुरू करू नका. पूर्ण कामाला नऊ-दहा महिने सहज जातात, तेवढे धरूनच चाला.

टप्पा १: घरातलं बोलणं आधी संपवा

नवरा-बायको दोघांचं पाचारण आहे का, की एकाचं आहे आणि दुसरा सोबत चाललाय? सपोर्ट देणारी माणसं हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात. बायको गप्प बसलेली असेल तर देणारी काकू तिच्याकडेच बघत असते.

मुलांचं शिक्षण कुठे, आई-वडिलांना पुण्यात कोण बघणार, डोक्यावर कर्ज किती, या तीन गोष्टींचं उत्तर कागदावर लिहा. विशेषतः कर्ज. पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डचे हप्ते चालू असताना सपोर्ट मागायला निघू नका, कारण लोक सेवेसाठी देतात आणि पैसा जातो बँकेच्या व्याजात. आधी ते फेडा, सहा महिने उशीर झाला तरी चालेल.

तपासा: दोघांपैकी कोणालाही एकटं गाठून "का जाताय?" विचारलं तर उत्तर साधारण एकच येतं का?

टप्पा २: आपल्या मंडळीचं पत्र

पास्टरांशी चहा पिता पिता बोलणं वेगळं आणि चर्च कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव होणं वेगळं. तुम्हाला ठराव हवाय. त्यात तीन गोष्टी असू द्या: मंडळी या कुटुंबाला पाठवते आहे, मंडळी स्वतः महिन्याला अमुक रक्कम देणार आहे, आणि मंडळीतली अमुक दोन माणसं यांचा हिशोब दर तीन महिन्यांनी बघणार आहेत.

दुसऱ्या मंडळीत गेलात की पहिला प्रश्न येतो, "तुमची स्वतःची मंडळी काय देते?" याचं उत्तर "प्रार्थना करतात" एवढंच असेल तर पुढचं दार उघडत नाही. आणि खरं सांगायचं तर उघडूही नये. ज्यांनी तुम्हाला संडे स्कूलपासून पाहिलंय त्यांनाच खात्री नसेल तर खडकीच्या किंवा पिंपरीच्या मंडळीने कशावर विश्वास ठेवायचा.

सावधान: कमिटीत मतभेद असतील तर ते मिटेपर्यंत थांबा. एका गटाच्या पाठिंब्यावर निघालेलं कुटुंब पुढच्या निवडणुकीत दुसरा गट आला की अधांतरी राहतं.

टप्पा ३: गाव बघून या, तेही दोन वेगवेगळ्या मोसमांत

बजेट बसवायचं असेल तर गाव डोळ्यांनी पाहिलेलं हवं. एकदा पावसाळ्यात जा आणि एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण ही दोन वेगळी गावं असतात. पावसात सातपुड्यातले काही पाडे चालतच गाठावे लागतात. आणि दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरी भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे आणि इकडे साखर पट्ट्यात निघून जातात, घराला कडी आणि अंगणात म्हातारी माणसं एवढंच उरतं. हे माहीत नसलेलं कुटुंब डिसेंबरात पत्र लिहितं की सभेला कोणी येत नाही, आणि पुण्यातले लोक काळजीत पडतात.

भाषा नीट विचारून घ्या. धडगावकडे पावरी आणि भिली बोलतात, मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया. कोरकू तर मराठीच्या कुळातलीही नाही. म्हणजे पहिलं वर्ष-दीड वर्ष तुम्ही शिकणार आहात, शिकवणार नाही, आणि त्याचा खर्च बजेटमध्ये लागतो, शिवाय देणाऱ्यांनाही आधीच सांगावं लागतं.

भाडं, शाळा, दवाखाना, एटीएम, नेटवर्क कुठे येतं, आठवडे बाजार कुठल्या वारी, हे सगळं वहीत लिहून आणा. तिथे आधीपासून कोणी सेवक असतील तर त्यांना भेटल्याशिवाय परत फिरू नका, ते कुठल्याही मंडळीचे असोत. त्यांच्या डोक्यावर जाऊन दुसरं काम सुरू करायचं आणि त्यासाठी पुण्यात पैसे गोळा करायचे हे बरोबर नाही.

जागेचं एक बघा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला अशी घेता येत नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यावर कडक बंधनं आहेत आणि सरकारी परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही. त्यामुळे "जागा घेऊन प्रार्थनाघर बांधू" असं म्हणून पैसे गोळा करू नका. भाड्याचं घर, तेवढंच धरा.

टप्पा ४: पैसा कुठल्या वाटेने येणार

हा टप्पा लोक सगळ्यात शेवटी करतात आणि सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पर्सनल खातं ही वाट नाहीच. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर रक्कम भेट म्हणून आली की वरची नाही, पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. शिवाय दर महिन्याला चाळीस जणांकडून पाचशे-हजार येतायत हे बघून बँकेने विचारलं तर दाखवायला कागद काय? आणि ज्याचा रजिस्टर ट्रस्ट नाही त्याला धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावं लागतं, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१क. आपल्याकडची गणपती मंडळं दर वर्षी काढतात ना परवानगी, तेच कलम. आपण मंडळीचे म्हणून सुटलो असं नाहीये.

मग तीन वाटा उरतात.

पहिली, आपल्या मंडळीचा किंवा डायोसिसचा (बिशपच्या हाताखालच्या मंडळ्यांचा) रजिस्टर ट्रस्ट. त्यात मिशन फंडाचं वेगळं लेजर उघडायचं, देणारे ट्रस्टच्या खात्यात देणार, पावती ट्रस्ट देणार आणि तुम्हाला दर महिन्याला मानधन मिळणार. ट्रस्टच्या उद्देशांमध्ये असं काम बसतं का हे ट्रस्टच्या घटनेत वाचून घ्या, नुसतं विचारू नका. माझ्या मते पहिल्यांदा निघणाऱ्या कुटुंबाला हीच वाट बरी.

दुसरी, आधीपासून चालू असलेली मिशन संस्था. त्यांचे नियम, ट्रेनिंग, ऑडिट सगळं बसलेलं असतं, पण ऑफिस खर्चासाठी ते किती टक्के ठेवतात, कमी सपोर्ट आला तर मानधन कापतात का, आणि संस्था सोडली तर देणारे कोणाचे, हे तिन्ही प्रश्न आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तिसरी, स्वतःचा ट्रस्ट. याची घाई नको. दर वर्षी ऑडिट, हिशोबपत्रकं, ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद), हे सगळं तुम्ही डोंगरात बसून करणार कसं? आणि नवरा-बायको-मेहुणा असे ट्रस्टी असलेल्या ट्रस्टवर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो.

आता परदेशातला पैसा. त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा (परदेशी योगदानाचा) कायदा, लागतो. पुण्यातल्या जवळपास प्रत्येक ख्रिस्ती घरातलं कोणीतरी दुबईला, ऑस्ट्रेलियाला किंवा अमेरिकेत आहे, त्यामुळे हा प्रश्न येतोच.

- भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ दुबईहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो, तर ते परदेशी योगदान धरलं जात नाही. त्याच्या पासपोर्टची कॉपी ट्रस्टच्या फाइलमध्ये ठेवा.
- तोच भाऊ अमेरिकन नागरिक झाला, ओसीआय कार्डवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) येतो, तर तो परदेशी स्रोत. नाव मराठी, आडनाव आपलंच, तरीही.
- परदेशी पाहुणा उपासनेला आला आणि त्याने रुपयांत रोख दिली तरी ते परदेशी योगदानच. नोट कुठली हे बघत नाहीत, देणारा कोण हे बघतात.
- असा पैसा घ्यायचा तर ट्रस्टचं एफसीआरए रजिस्ट्रेशन लागतं, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येऊ शकतो.
- "आमच्या ओळखीच्या संस्थेकडे एफसीआरए आहे, ते घेतील आणि आमच्या ट्रस्टला देतील" हे बंद झालंय. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा देणं थांबवलं.

सावधान: एफसीआरए नसेल तर परदेशी नागरिकाला प्रेमाने "नाही" म्हणा. एका देणगीसाठी अख्ख्या मंडळीचा ट्रस्ट अडचणीत येतो.

८०जीबद्दल, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या आयकर सवलतीबद्दल, पण चुकीचं वचन देऊ नका. एका विशिष्ट धर्माच्या समाजासाठी असलेल्या ट्रस्टला ती सवलत मिळत नाही, आणि ज्या ट्रस्टला आहे त्यालाही धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आतच खर्च करता येतो. म्हणजे सुवार्तेच्या कामासाठी दिलेल्या पैशावर बहुतेक वेळा सूट नाही. शिवाय देणारा नव्या टॅक्स रिजीममध्ये असेल तर त्याला तसाही उपयोग नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे नंबरही बदललेत, त्यामुळे एकदा सीएकडे बसून सगळं लिहून आणा. सीएची फी वाचवायच्या नादात राहू नका.

तपासा: देणारा विचारेल, "पैसे कुठल्या नावाने टाकू आणि पावती कोण देणार?" एका वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे.

टप्पा ५: बजेट, खरं बजेट

बायबलमधला नहेम्याचा दुसरा अध्याय वाचा. यरुशलेमचा कोट बांधायला निघालेल्या नहेम्याला राजाने विचारलं, किती दिवस लागतील, कधी परत येशील, तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. वाटेतल्या अधिकाऱ्यांना द्यायची पत्रं, लाकूड कोणाकडून मिळणार, सगळं त्याने आधी ठरवून ठेवलेलं. आणि त्याआधी काही महिने तो उपास-प्रार्थनेत होता. दोन्ही एकाच माणसाने केलं, हे आपल्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

दोन मुलं असलेल्या कुटुंबाचं एक नमुन्याचं महिन्याचं बजेट देते, आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला:

- घरभाडं ४,०००
- किराणा, भाजी, दूध, गॅस ११,०००
- मुलांचं शिक्षण ५,०००
- मेडिक्लेम, टर्म इन्शुरन्स, औषधं ३,०००
- लाइट, मोबाइल १,५००
- पेट्रोल, एसटी, पुण्याच्या खेपा ५,०००
- भाषा शिकवणाऱ्याचं मानधन २,५००
- सेवेचा खर्च, बायबल, गीतांची पुस्तकं, सभेचा चहा ३,०००
- म्हातारपणासाठी बचत ३,०००
- दशमांश ३,०००
- अडीअडचण २,०००

झाले ४३,०००. आता दर वर्षी काही देणारे गळतात, कोणाची नोकरी जाते, कोणाच्या घरी लग्न निघतं, म्हणून साधारण १० टक्के वर धरा आणि ४७,००० हा तुमचा आकडा. तोच सगळ्यांना सांगायचा. एका घरी ३०,००० आणि दुसऱ्या घरी ५०,००० असं झालं तर रविवारी चर्चच्या गेटबाहेर दोघं बोलतातच.

एकदाच लागणारा खर्च वेगळ्या कागदावर: डिपॉझिट, सामानाचा टेम्पो, जुनी बाइक, इन्व्हर्टर किंवा सोलर, पाण्याचा फिल्टर, मच्छरदाण्या. मासिक आणि एकवेळ एकत्र केलं की सुरुवातीला आलेल्या मोठ्या देणग्या बघून सपोर्ट पूर्ण झाल्यासारखं वाटतं.

नेहमीच्या चुका इथे ठरलेल्या आहेत. मेडिक्लेम आणि बचत काढून टाकतात, म्हणतात सेवकाला कशाला. मग मुलाला डेंग्यू झाला की ग्रुपवर तातडीचा मेसेज येतो, आणि असे दोन-तीन मेसेज झाले की लोक थकतात. भाषेचा खर्च धरत नाहीत. पुण्याच्या खेपा धरत नाहीत, धडगावहून वाकडेवाडीच्या स्टँडपर्यंत चार जणांचं येणं-जाणं किती होतं ते एकदा बेरीज करून बघा. आणि बजेट मुद्दाम कमी दाखवतात, लोकांना जास्त वाटेल म्हणून. तसं करू नका, देणाऱ्याला खरा आकडा पचतो.

सावधान: "नवीन विश्वासणाऱ्यांना मदत", "बाप्तिस्म्याच्या वेळी भेटवस्तू" असलं काही बजेटमध्ये लिहू नका आणि करूही नका. आमिष ही कायद्याने गंभीर गोष्ट आहे, नंदुरबारच्या दोन्ही बाजूंना गुजरात आणि मध्य प्रदेशात धर्मांतराबाबत वेगळे कडक कायदे आहेत आणि पाडे सीमेच्या अल्याड-पल्याड पसरलेले आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी तांदूळ देऊन आणलेला विश्वास हा गावातल्या माणसाचा अपमान आहे.

टप्पा ६: यादी

दोघांनी वेगवेगळी बसून यादी करा, मग एकत्र करा. मंडळी, कॉलेजचे मित्र, जुनं ऑफिस, शाळेतले शिक्षक, नगर-जालन्याकडचे नातेवाईक, ज्यांच्या घरी कॉटेज मीटिंगला (घरातल्या प्रार्थनासभेला) जायचात ती घरं, युथ कॅम्पमधले आता हिंजवडी-खराडीत नोकरी करणारे. दीडशे नावं झाली पाहिजेत. कोण देईल कोण नाही हे तुम्ही ठरवू नका, रिटायर झालेली शाळेची आया महिन्याला दोनशे नेमाने देते आणि फोर व्हीलरवाला विसरतो हे मी लेजरमध्ये बघते.

मग ४७,००० चे तुकडे पाडा. मंडळी १०,०००, सहा घरं प्रत्येकी २,०००, अठरा घरं १,०००, चौदा घरं ५००. बेरीज बरोबर ४७,०००. म्हणजे अडतीस घरं हवीत, आणि त्यासाठी शंभरेक घरांत बसावं लागेल. हे गणित समोर आलं की एक रविवार आणि एक क्यूआर कोड पुरत नाही हे आपोआप कळतं.

पाचशे सुद्धा ज्यांना जड आहे त्यांनाही यादीत ठेवा. मिझोराममधल्या मंडळ्यांत बायका रोज स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ मिशनसाठी बाजूला काढतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलंय आणि त्यातून मोठं काम उभं राहिलंय. आपल्याकडे महिला मंडळाने डाळ-तांदूळ, साबण, वह्या असं तीन महिन्यांतून एकदा भरून दिलं तरी किराण्याचा आकडा खाली येतो.

टप्पा ७: पत्र आणि फोन

पत्र एका पानाचं. कोण आहोत, कुठे चाललोय, का, कधी, आणि "पुढच्या आठवड्यात फोन करून भेटायला येतो". पैशाचा आकडा पत्रात नको, तो समोर बसून सांगायचा. पत्राला मंडळीच्या ठरावाची कॉपी जोडा.

गावातल्या लोकांबद्दल जे लिहाल ते त्यांनी स्वतः वाचलं तर चालेल असं लिहा. "अंधारात खितपत पडलेले", "रानटी" हे शब्द अजून पत्रांत दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड व्हायला वेळ लागत नाही, आणि धडगावची पोरं पुण्यात शिकायला आहेत, त्यांच्या मोबाइलवर हे पोहोचतंच. लहान मुलांचे फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय अजिबात नाही. बाप्तिस्म्याचे फोटो तर कुठेच नाही.

वेळ बघून फोन करा. जूनमध्ये शाळेच्या फिया असतात, मे महिन्यात लोक गावी, १५ डिसेंबर ते १ जानेवारी कोणाला वेळ नाही. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमधली भेट ठरवू नका, पोहोचायलाच दोन तास जातात. जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी बरे.

टप्पा ८: भेट

जे काही ठरतं ते इथे ठरतं. दोघांनी जा, शक्यतो मुलांसकट एकदा तरी. पाऊण तास.

वडगाव शेरीतल्या एका फ्लॅटमध्ये अशा एका भेटीला मी सोबत होते. रिटायर्ड काका, काकूंनी पोहे केलेले, तरुण जोडपं सोफ्याच्या कडेवर बसलेलं. साक्ष सुंदर झाली. मग काकांनी विचारलं, "बाळा, महिन्याला लागतात किती?" तो म्हणाला, "प्रभू पुरवेल, काका." काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पुरवेलच रे. पण माझ्या हातून किती पुरवायचंय ते सांग की." मुलाला आकडा सांगता आला नाही. काकांनी निघताना पाचशेची नोट त्यांच्या मुलीच्या हातात दिली, खाऊला म्हणून. दर महिन्याला देणारं घर त्या दिवशी पाचशेवर थांबलं.

मागण्यात लाज कसली? बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला स्पेनला जायला मदत करा असं उघड लिहिलंय, रोम १५:२४. लूकच्या आठव्या अध्यायात ज्या स्त्रिया आपल्या पैशाने सेवा चालवत होत्या त्यांची नावं दिलेली आहेत. फिलिप्पैच्या चौथ्या अध्यायात पौल देण्याघेण्याचा हिशोबच मांडतो. म्हणून सरळ सांगा, साधारण असं:

"काका-काकू, आम्हाला महिन्याला सत्तेचाळीस हजार लागतात. मंडळी धरून एकोणीस हजार झालेत. तुम्ही महिन्याला हजार रुपये, निदान दोन वर्षं, द्याल का? आत्ता सांगू नका, दोघं प्रार्थना करा, मी गुरुवारी संध्याकाळी फोन करतो."

आणि मग बोलणं थांबवा. इथेच सगळे घाबरतात आणि शांतता भरून काढायला म्हणतात, "नाही जमलं तरी चालेल, शंभर-दोनशे दिले तरी चालतील." समोरचा हजाराचा विचार करत असतो, तुम्हीच त्याला शंभरावर आणता.

नाही म्हणाले तर मनापासून धन्यवाद द्या, प्रार्थना करा, आणखी दोन ओळखीची नावं विचारा. बजेट मागितलं तर पूर्ण दाखवा.

तपासा: घराबाहेर पडल्यावर लगेच वहीत तारीख, नाव, काय बोलणं झालं, फोन कधी करायचा ते लिहा. रात्री आठवत नाही. आणि गुरुवार म्हणालात तर गुरुवारीच फोन करा.

पुलपिटवरची साक्ष आता द्या. भेटी निम्म्या झाल्यावर. तेव्हा लोकांना माहीत असतं काय चाललंय, आणि कार्ड भरून देणारे तिथे नव्याने मिळतात. एक पानी कार्ड असू द्या, नाव, फोन, महिन्याची रक्कम, कधीपासून. क्यूआर ट्रस्टच्या खात्याचा.

टप्पा ९: "हो" म्हटलं म्हणजे पैसे आले असं नाही

कमिटमेंट आणि पहिला हप्ता यांत बरंच अंतर असतं. हो म्हटल्यापासून आठवड्याच्या आत बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा यूपीआय ऑटोपे लावून द्या, ज्येष्ठ लोकांच्या शेजारी बसून. "मी दर महिन्याला आठवणीने टाकीन" असं म्हणणारे मनाने खरे असतात, पण आठवण राहत नाही.

नुसत्या स्क्रीनशॉटवर हिशोब ठेवू नका. ट्रस्टच्या खात्यात पैसे, नावाची पावती, लेजरमध्ये नोंद, तिन्ही. रोख आली तर त्याच रविवारी पावती फाडा, एक साक्षीदार असू द्या. दुसऱ्या करिंथच्या आठव्या अध्यायात, २० आणि २१ वचनांत, पौलाने हेच सांगितलंय, प्रभूसमोर तर चांगलं असावंच पण माणसांसमोरही.

टप्पा १०: निघायचं कधी

सलग तीन महिने ४७,००० खात्यात जमा होताना दिसले की. कमिटमेंट कार्डांची बेरीज बघून नाही, बँक स्टेटमेंट बघून. शिवाय दोन महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला हवा.

६०-७० टक्क्यांवर निघायचा मोह फार होतो, घरमालकाला नोटीस दिलेली असते, शाळेचं वर्ष सुरू होणार असतं. माझं स्पष्ट मत आहे, थांबा. गावात गेल्यावर नवीन देणारे मिळत नाहीत, असलेलेच टिकवायचे असतात. उरलेल्या टक्क्यांसाठी नवरा पुण्यात चकरा मारतो आणि बायको दोन मुलांना घेऊन अनोळखी पाड्यावर, भाषा येत नाही, नेटवर्क नाही. असं होऊ देऊ नका.

टप्पा ११: गेल्यावर

दोन महिन्यांतून एक पत्र. बाप्तिस्म्यांचे आकडे लिहू नका, कोणी मागितले तरी. आकडे मागणाऱ्या देणाऱ्यांमुळे सेवक आकडे तयार करायला लागतात, आणि गावातल्या माणसांना त्याचा त्रास होतो. भाषा कुठवर आली, कोणाच्या घरी जेवलो, कोण आजारी होतं आणि कोण ऊसतोडीला गेलं, आमचं काय चुकतंय, हे लिहा. लोकांना हेच वाचायला आवडतं. नावं बदलून लिहा.

दर तीन महिन्यांनी मंडळीच्या त्या दोन माणसांना खर्चाचं पान पाठवा, बाजारात पावती मिळत नाही तिथे तारीख आणि वहीतली नोंद चालते, पण नोंद त्याच दिवशीची हवी.

वर्षातून एकदा पुण्यात या, शक्यतो होळीनंतर, कारण सातपुड्यात होळीच्या दिवसांत तुम्ही गावातच असलं पाहिजे, बाहेर गेलेली माणसं तेव्हा परत आलेली असतात. आलात की प्रत्येक देणाऱ्याला भेटा, निदान फोन करा, आणि त्या खेपेला नवीन काही मागू नका.

कोणी देणं थांबवलं तर पहिल्या महिन्यात काही विचारू नका. दुसऱ्या महिन्यात फोन करा, पैशाबद्दल नाही, घरी सगळं ठीक ना एवढंच, कारण बहुतेक वेळा तिथे आजारपण किंवा नोकरीचा प्रश्न निघतो. त्यांचं नाव देणाऱ्यांच्या लेजरमधून काढायचं, पत्र पाठवायच्या यादीतून नाही. तुटलेली रक्कम १० टक्क्यांच्या आत असेल तर शांत राहा, त्यापेक्षा जास्त झाली की मंडळीच्या त्या दोघांना त्याच आठवड्यात कळवा.